अचानक भेट

चव्वेचाळीस शाळा, अकराशे शिक्षक आणि बावीस हजार मुलं एका माणसाला सांभाळता येतात का? येतात! निदान मुलाखतीत मी तसं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि शाळा मंडळानं विश्वास ठेवून मला जिल्ह्याचा शिक्षणप्रमुख केलं. विश्वास सहा महिन्यांपुरताच होता म्हणा. सहा महिने काम बघायचं आणि मग कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवायचं. ती ठरवणारी बैठक येत्या शुक्रवारी होती.

हे पद लांबून फार रुबाबदार दिसतं. जवळ गेलं की कळतं, छत गळलं ते माझ्यामुळे, बस उशिरा आली ती माझ्यामुळे, आणि बस वेळेवर आली म्हणून ज्यांची चुकली त्यांचंही पाप माझ्याच माथी! एका पालकांना गृहपाठ फार वाटतो, दुसऱ्यांना कमी, आणि दोघांची मुलं एकाच बाकावर बसतात. साडेपाच महिने मी हे सगळं खुर्चीत बसून ऐकलं आणि आलेल्या प्रत्येक पत्रावर 'नोंद घेतली' असं लिहून सही केली. सही मात्र माझी झोकदार आहे.

रविवारी जेवताना बायको म्हणाली, "अहो, उंटावरून शेळ्या हाकताय तुम्ही. एकदा तरी एखाद्या शाळेत डोकावलात का?"

शब्द झोंबले; पण त्यातूनच योजना सुचली. बैठकीआधी शाळांना अचानक भेट द्यायची! काही सजवलेलं नाही, काही लपवलेलं नाही, जसं आहे तसं बघायचं आणि शुक्रवारी मंडळाच्या अध्यक्षबाईंना ठणकावून सांगायचं. मग मला कोण हलवतो ते बघतोच!

सोमवारी सकाळी हेडक्लार्कना बोलावलं. ऑफिसात त्यांना सगळे नियमकाका म्हणतात, कारण शिंक आली तरी ती कुठल्या कलमात बसते हे बघितल्याशिवाय ते शिंकत नाहीत.

"काका, उद्यापासून मी शाळांना अचानक भेट देणार. कुणाला कळता कामा नये!"

"ठीक आहे साहेब. पण ऑफिसची गाडी काढायची तर परिपत्रक काढावं लागेल."

"काढा की! पण गुप्त ठेवा."

नियमकाकांनी परिपत्रक काढलं. परिपत्रक म्हटलं की त्याची प्रत सगळ्या शाळांना जाते, तशी ती दुपारपर्यंत गेली. मी गुप्त म्हटलं होतं, म्हणून प्रत्येक लिफाफ्यावर लाल शाईत 'गोपनीय' असा शिक्का मारून! आत लिहिलं होतं: 'शिक्षणप्रमुख प्रत्येक शाळेस अचानक भेट देणार आहेत. सदर बाब कोणासही कळू देऊ नये.'

आता तुम्हीच सांगा, अचानक तपासणीला येणारा माणूस आधी कळवतो का? चव्वेचाळीस मुख्याध्यापकांनी हाच विचार केला. शेवटी शिकलेली माणसं! साहेब येणार असते तर कळवलं नसतं. ज्या अर्थी कळवलंय, त्या अर्थी ही भेट म्हणजे भेटवस्तूच असणार, असं एकूण एक शाळेत ठरलं. मला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तीन वाजता फोन वाजला. जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक बोलत होते.

"साहेब, त्या भेटीबद्दल विचारायचं होतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते गोपनीय आहे साहेब. मी एवढंच विचारतो, आकार साधारण केवढा? आमच्या दारातून आत मावेल ना?"

मी माझ्या पोटाकडे बघितलं. खुर्चीत बसून बसून ते जरा पुढे आलं आहे, मान्य. पण तो विषय मुख्याध्यापकानं काढावा?

"मावेल!" मी दात खात म्हणालो.

"नाही, उचलून आत आणायला आठ शिक्षक तयार ठेवलेत."

"काही गरज नाही! चालतच आत येणार आहे!"

"अरे वा! म्हणजे चाकंही आहेत! तरी दार जरा अरुंदच आहे हो आमचं, म्हणून म्हटलं…"

"मग भिंत पाडा!" मी ओरडलो आणि फोन आपटला.

बातमी फुटली होती. म्हणून मंगळवारी मी मुद्दाम सगळ्यात लांबची शाळा निवडली. शहर संपल्यावरही दोन किलोमीटर पुढे, सहा खोल्या आणि एक फाटक. म्हटलं, इथवर काही पोचलं नसेल.

फाटकात सगळी शाळा रांगेत उभी होती! मी उतरलो. मुख्याध्यापिकाबाईंनी नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावरून गाडीत बघितलं. मागची सीट बघितली. मग ड्रायव्हरला डिकी उघडायला लावली.

"आणि भेट कुठे आहे, साहेब?"

"कुठे म्हणजे? हा काय मी आलोय!"

"म्हणजे… तुम्हीच?"

"मीच!"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, या पदावर यायच्या आधी तुम्ही काय करत होतात?"

"वीस वर्षं गणित शिकवत होतो. का?"

बाईंचे डोळे भरून आले. "दोन वर्षं मी गणिताचा शिक्षक मागतेय! अकरा पत्रं पाठवली. शेवटच्या पाचांवर तर तुमचीच सही आहे, 'नोंद घेतली' म्हणून. मला वाटायचं, कोण वाचतंय! आणि तुम्ही खरंच नोंद घेतलीत, साहेब. स्वतःच आलात!"

गैरसमज एका वाक्यात दूर करता आला असता. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्या पाच पत्रांतलं एकही मी वाचलं नव्हतं, आणि त्याची मला अशी लाज वाटली की वाक्य परत गिळून टाकलं. तोवर बाईंनी मला आठवी ब मध्ये नेऊन हातात खडू दिला होता.

दोन वर्षं त्या वर्गाला कवायतीचे सर गणित शिकवत होते. उत्तर चुकलं की वीस उठाबशा. त्यामुळे पोरांच्या मांड्या भक्कम झाल्या होत्या आणि अपूर्णांक कच्चे राहिले होते. मी फळ्यावर एक साधं गणित घातलं, तर अर्धा वर्ग सवयीनं कान धरून उभा राहिला!

"बसा रे," मी म्हणालो. "आधी चुका, मग बघू."

तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, तुम्ही उद्या पण आहात का? की आज नुसते दाखवायला आणलेत?"

"आहे," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं!

मग काय, बुधवारी गेलो. गुरुवारी गेलो. शुक्रवारी सकाळीही गेलो, कारण छेद समान करण्यापाशी वर्ग अडला होता. इकडे ऑफिसच्या दारात एका शाळेचा टेम्पो भेट न्यायला तीन दिवस उभा होता, आणि नियमकाका रोज संध्याकाळी शांतपणे सांगत होते, "साहेब, त्रेचाळीस भेटी बाकी आहेत."

शुक्रवारी दुपारी बैठक भरली. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि तक्रारींचा गठ्ठा पुढे ओढला. पहिलंच पत्र मोठ्या शाळेचं होतं: 'साहेबांच्या तोंडी आदेशानुसार प्रयोगशाळेची भिंत पाडली आहे. भेट अद्याप आत आलेली नाही. वारा येतो.'

मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

"चार दिवसांत तुम्ही किती शाळांना भेट दिलीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"एका."

"एकाच?"

"पण चार वेळा!"

सात सभासदांपैकी एकही हसला नाही. अध्यक्षबाईंनी एकेक करून त्रेचाळीस पत्रं वाचली. शेवटचं, चव्वेचाळिसावं पत्र वहीच्या पानावर होतं आणि खाली आठवी ब मधल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. त्यांनी ते स्वतःशी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि मग मोठ्यानं वाचलं:

'भेट मिळाली. आम्हाला आवडली. कृपया परत नेऊ नये.'

अध्यक्षबाईंनी पत्राची घडी घातली. मग नियमकाका खाकरले. "बाई, दिलेली भेट परत घेण्याची तरतूद नियमात नाही. मी बघितलंय."

खोटं कशाला सांगू, खुर्चीचं वाईट वाटलं. गाडीचं तर त्याहून जास्त. घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती.

"अहो, काय झालं? कायम केलं ना?"

"केलं," मी बूट काढता काढता म्हणालो. "आठवी ब मध्ये."