गाढोबाच्या कानात

"या वर्गात वाचायला कोणीही घाबरणार नाही," असं तिसरीच्या बाईंनी वर्गाच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्याच दारात, हातरुमालाचा बोळा करून, बाई स्वतः सकाळपासून घाबरून उभ्या होत्या.

त्यांच्या शेजारी एक लोखंडी कपाट उभं होतं आणि कपाटाला टेकून दोन शिपाई. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी नाक मुरडलं, की वर्गातला वाचनकोपरा उचलायचा आणि तिथे कपाट सरकवायचं, असा मुख्याध्यापिकेचा, म्हणजे मोठ्या बाईंचा, हुकूम होता.

"सतरंजी, उशा, आणि वर ते कापडी गाढव," मोठ्या बाई म्हणाल्या. "शाळा आहे की पाळणाघर?"

"अडलेली मुलं आधी गाढोबाला वाचून दाखवतात. तो हसत नाही ना."

"गाढवापुढे वाचली गीता, हे लोक थट्टेनं म्हणतात हो. तुम्ही ते वेळापत्रकात घातलंत."

तेवढ्यात साहेब आले. त्यांचं बोट नेमकं सगळ्यांत सावकाश वाचणाऱ्या मुलीकडे गेलं. मुलीनं चार ओळी नीट वाचल्या आणि दीपस्तंभापाशी ती अडली.

वर्ग थांबला. कोणी खुसखुसलं नाही. चाकांच्या खुर्चीतल्या मुलानं चाक करकरू नये म्हणून ते हातानं धरून ठेवलं. मुलगी "दी" म्हणाली. थोड्या वेळानं परत "दी" म्हणाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि न राहवून म्हणाले, "दीपस्तंभ."

पस्तीस माना साहेबांकडे वळल्या.

"न विचारता शब्द सांगितला, की पुढचं पान सांगणाऱ्यानं वाचायचं," मुलगी म्हणाली. "नियम आहे." आणि तिनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"अगं, साहेब आहेत ते," मोठ्या बाई पुटपुटल्या.

"मध्ये बोललं तर तुम्हाला पण एक पान, मोठ्या बाई."

मोठ्या बाई गप्प झाल्या. गेल्या वीस वर्षांत हे कोणालाही जमलं नव्हतं.

साहेब हसतच उभे राहिले. पहिली ओळ झाली. दुसरीला कान लाल झाले. "त्या वादळात एक... एक..." पुढे साधी होडी होती, पण ती जागची हलेना. पुस्तक मात्र हलत होतं.

वर्ग पुन्हा थांबला. कोणी हसलं असतं, तर साहेबांना निदान रागावता तरी आलं असतं. दारातल्या शिपायांनी कपाटाखाली हात घातले. बाईंनी मनातल्या मनात कोपऱ्याचा निरोप घेतला.

ती मुलगी उठली आणि गाढोबाला घेऊन आली.

"साहेब, सतरंजीवर बसा. याला वाचून दाखवा. आम्ही नाही बघत."

पस्तीस मुलांनी पाठ फिरवली. मोठ्या बाईंनीही फिरवली. पानाची धास्ती होती. साहेब मांडी घालून बसले, आणि गाढवाच्या कानात एक होडी हळूहळू निघाली, डुगडुगली, आणि पान संपता संपता किनाऱ्याला लागली.

साहेब उठले. पँट झटकली आणि कोणाकडेही न बघता दारापर्यंत गेले.

"कपाट परत न्या," ते शिपायांना म्हणाले.

कपाट निघालं, त्याच्यामागे मोठ्या बाई निघाल्या. दोघंही वळणाआड गेल्याची खात्री करून साहेबांनी आवाज खाली आणला.

"बाई, उद्या मला संचालकांसमोर अहवाल वाचायचाय. साठ माणसं असतील. ते गाढव एक दिवस मिळेल का?"