सासऱ्यांचा काँट्रास्ट

नवा टीव्ही आला की जुना काढून टाकायचा, एवढी साधी गोष्ट. पण मी पडलो छापखान्यात रंग तपासणारा. मूळ चित्र आणि छापलेला कागद शेजारी शेजारी मांडून, सकाळच्या, दुपारच्या आणि ट्यूबच्या उजेडात निरखल्याशिवाय मी कशालाच पास करत नाही. (लग्नाच्या वेळी बायकोनेच मला जास्त निरखलं होतं, आणि तरी चूक झालीच, असं ती म्हणते.) म्हणून ठरवलं, जुना एलसीडी आणि नवा ओएलईडी शेजारी ठेवून खरा काळा कुणाचा, ते एकदाचं बघायचं.

"काळा तो काळा. त्यात बघायचं काय?" बायको बॅग भरता भरता म्हणाली.

"अगं, जुन्याच्या पडद्यामागे दिवा सतत जळत असतो, म्हणून त्याचा काळा राखाडी दिसतो. नव्यात प्रत्येक ठिपका आपापला पेटतो, आपापला विझतो. विझला की मेला. ठार काळोख."

"आई ऐकतेय," ती दबक्या आवाजात म्हणाली.

मी जीभ चावली. सासरे गेल्याला वर्षही झालं नव्हतं. सासूबाई तेव्हापासून आमच्याकडेच होत्या, पण आतल्या खोलीतून बाहेर येत नसत. दोन घास खायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या. जरा हवापालट म्हणून मायलेकी मेव्हणीकडे राहायला चालल्या होत्या. माझं फावलं.

तपासणीला मी आमच्या लग्नाच्या व्हिडिओतलं एक चित्र निवडलं. पांढऱ्या भिंतीपुढे सासरे, अंगात काळा कोट, केसांना ताजा कलप, नजर थेट समोर, खाऊ की गिळू अशी. (कॅमेरावाल्याशेजारी मी उभा होतो. नजर तशी का, ते त्यावरून समजा.) पडदे ओढले आणि दोन्ही टीव्हींवर चित्र थांबवलं. जुन्यावर कोट धुऊन धुऊन विटल्यासारखा. नव्यावर मात्र कोटाच्या जागी भोकच पडलेलं. हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल असं वाटलं, आणि मी खुर्ची निमूटपणे मागे घेतली.

मायलेकी येईपर्यंत चित्र दिवसरात्र तसंच ठेवलं. नवा टीव्ही मध्येच आपणहून पडदा विझवायचा. त्याचा तो चाळा मी सेटिंगमध्ये शिरून बंद केला.

त्या परतल्या त्या दुपारी बायकोने हवामानाच्या बातम्या लावल्या. आणि ढगांच्या नकाशात सासरे उभे होते.

पुसट, पण तेच. फक्त सगळं उलटं झालेलं. चेहरा काळवंडलेला, कोट पांढराफटक, केस पांढरे. चॅनेल बदललं, तर क्रिकेटच्या मैदानात सासरे. बदललं, तर निवेदिकेच्या साडीतून सासरे. जुना टीव्ही लावला, तर तिथे कोणी नाही! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मेलेली माणसं आधीपासूनच आपल्यात असतील, आपल्या टीव्हीचा काँट्रास्ट कमी पडत असेल, असं माझ्या मनात आलं.

बायको रिमोट हातात धरून थिजली. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या, पदर सावरून समोर बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"केस पांढरे झाले की हो," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडे कलप मिळत नाही वाटतं."

त्या दिवसापासून सासूबाई हॉलमध्येच. टीव्हीसमोर पोटभर जेवायच्या, गुडघेदुखीपासून शेजारणीपर्यंत सगळं त्यांना सांगायच्या, मध्येच गप्प होऊन मान डोलवायच्या. आणि एखादा पांढरा पडदा आला की सासरे इतके स्पष्ट दिसत, की मी उभा राहायचो.

"एक तर बाबा राहतील, नाहीतर मी," बायकोने मला स्वयंपाकघरात बजावलं. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने पडद्यावर नजर टाकली आणि जांभई दिली. "एकच चित्र किती वेळ थांबवून ठेवलं होतं, साहेब?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती नजर वारशाने आलेली आहे.

"जे ठिपके जास्त जळले ते मंद झाले, म्हणून उलटी छाया उमटली," तो म्हणाला. "तासाभरात जाईल. टीव्ही बंद दिसेल, पण आतून स्वतःला पुसत असेल."

मला हायसं वाटलं आणि लगेच सासूबाईंचा चेहरा दिसला. त्यांची बोलायची एकुलती एक जागा मी आधी चुकून केली होती आणि आता पुसायला निघालो होतो. मला फार वाईट वाटलं.

"बाबांना राहू द्या, आई," मी म्हणालो. "आम्ही जुन्यावर बघू."

"नको," त्या म्हणाल्या. "जरा बाहेर थांबा सगळे."

आम्ही बाहेर उभे. दाराआडून त्यांचा आवाज येत होता, मग शांतता, मग पुन्हा त्यांचा, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखा. दुरुस्तीवाल्याचीही जांभई अर्धीच राहिली. दार उघडलं तेव्हा सासूबाईंचे डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा.

"पुसा आता. त्यांनीच सांगितलं."

"त्यांनी?" मी विचारलं. "काय म्हणाले?"

"तू सुखात आहेस ना, मग मला सोड म्हणाले. मी म्हटलं, थांबा की अजून थोडे. तर म्हणाले, तुझ्यासाठी थांबलो असतो गं, पण समोर दिवसभर जावई दिसतो."