पट्टी भिजविण्याबाबत

वेदना किती जुनी आहे याला वैद्यकशास्त्रात महत्त्व नाही. ती कोणत्या अंकात आणि कितव्या पानावर छापून आली याला आहे. जी छापून आली नाही ती वेदना रोग्याची खासगी बाब समजली जाते, आणि दुसऱ्याच्या खासगी बाबीत नाक खुपसू नये एवढी सभ्यता शास्त्राच्या अंगी असतेच.

ही सभ्यता कलकत्त्यात 'दाहोपचार' या इंग्रजी त्रैमासिकाने जशी सांभाळली तशी क्वचितच कोणी सांभाळली असेल. त्याची कचेरी धर्मतल्ल्याच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होती. (तळमजल्यावर फटाक्यांचे गोदाम होते. संपादक मंडळाचा विषयाशी संपर्क राहावा असा हेतू नसावा. पण सोय होती.) अंकाच्या तीनशे दहा प्रती निघत. त्यांतल्या दोनशे चाळीस लेखकांना जात, पन्नास मंडळाच्या सभासदांना, आणि उरलेल्या वीस वाचण्यासाठी ठेवलेल्या असत. त्या कपाटात अजून शिल्लक होत्या.

डॉक्टर दिगंबर पाळंदे यांनी या त्रैमासिकाकडे लेख पाठवला तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हते. ते एका धर्मादाय इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात होते. स्टोचा भडका, उनूनचा म्हणजे तिकडच्या चुलीचा निखारा, कालीपूजेचा भुईनळा, उकळती डाळ असे काय काय अंगावर घेऊन माणसे तिथे येत, आणि रोज सकाळी दहा वाजता त्यांच्या पट्ट्या बदलत. सोळा वर्षांत चारशे बारा रोगी पाहून डॉक्टर एका वाक्यापर्यंत आले होते. ते असे : जखमेला चिकटलेली पट्टी ओढून न काढता, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने वीस मिनिटे भिजवावी, म्हणजे ती आपणहून सुटते.

त्यांनी हे वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहिले, खाली सही केली आणि पाठवून दिले.

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आले. 'आपला लेख मिळाला. तो एका वाक्याचा आहे. उरलेला कोठे आहे?'

"शकू," डॉक्टर मुलीला म्हणाले, "यांना उरलेला हवाय. उरलेला सगळा वॉर्डात ओरडतोय, तो पाकिटात कसा मावायचा?"

तरी ते कामाला लागले. हाजरा रोडवरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, वॉर्डातल्या जुन्या वह्या पसरून त्यांनी तक्ता एक केला, तक्ता दोन केला. बावन्न सालच्या सोळा जानेवारीला सकाळी तक्ता तीन आखताना ते गेले. रेघ अर्धी राहिली होती.

चौदाव्या दिवशी शकुनने पट्टी घेऊन ती रेघ पुरी केली. (लाकडी पट्टी. लेखात पट्ट्या दोन प्रकारच्या आहेत. वाचकाने गोंधळू नये.) ती मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत असे, तेव्हा गेलेल्या माणसांचे अपुरे काम मार्गी लावण्याची तिला सवय होती. वडिलांचे ते वाक्य छापून यावे आणि प्रत्येक वॉर्डात वाचले जावे, एवढीच तिची इच्छा होती. इच्छा लहान असली की तिला लागणारे कागद जास्त असतात.

पहिल्यांदा ती स्वतः धर्मतल्ल्याला गेली. साहाय्यक चिटणीस श्यामसुंदर घोषालबाबू यांनी हस्तलिखित हातात घेतले, न वाचता उजेडात धरले, आणि खिशातून शिंप्याची फीत काढून डावीकडचा समास मोजला.

"सव्वा इंच," ते कष्टी होऊन म्हणाले. तिकडे वडीलधारी माणसे परक्या मुलीलाही 'मा' म्हणजे आई अशीच हाक मारतात. "मा, डावीकडे समास दीड इंच हवा. सव्वा इंचात परीक्षकांनी शेरा लिहायचा कुठे?"

"शेरा असलाच पाहिजे का?"

"शेरा नसेल तर लेख वाचला याला पुरावा काय?"

शकुनने सव्वीस पाने पुन्हा उतरवून काढली, डावीकडे दीड इंच सोडून. (पाने तीस झाली.)

यानंतरचा पत्रव्यवहार चौदा महिने चालला. त्यात मंडळाची बाजू सर्वस्वी बरोबर होती हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तक्ता तीनचेच घ्या. त्याचा मथळा 'किंकाळी' असा होता. डॉक्टरांनी पट्टी काढताना रोग्याचे ओरडणे कुठवर ऐकू येते त्यावरून तीन प्रती पाडल्या होत्या : पहिली पलंगापाशी, दुसरी व्हरांड्यापर्यंत, तिसरी फाटकाबाहेर ट्रामच्या थांब्यापर्यंत. भिजवण्याआधी चारशे बारांपैकी एकशे सदतीस जण तिसऱ्या प्रतीत होते. भिजवल्यानंतर दोघे, आणि त्यांतला एक गायक होता. मंडळाने विचारले : किंकाळीचे एकक कोणते? व्हरांड्याची लांबी किती? तिसऱ्या प्रतीच्या नोंदीतून ट्रामचा आवाज वजा केला आहे काय? नसल्यास का नाही?

शकुन काकांकडे गेली.

श्यामराव पाळंदे हे डॉक्टरांचे थोरले भाऊ. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत एकतीस वर्षे मसुदे लिहून निवृत्त झालेले. नागपूरहून बदलून आले तेव्हा दोन वर्षांसाठी आले होते. बदलीचा उलट हुकूम अजून यायचा होता. कागद पाहताच त्यांच्या तोंडावर बारा महिन्यांत प्रथमच तकाकी आली.

"वजा कर म्हणतात ना? वजा करू. ट्रामला भितो की काय आपण?"

काका घड्याळ आणि छत्री घेऊन सलग नऊ दिवस इस्पितळाच्या थांब्यावर उभे राहिले. ट्रामचा खडखडाट, घंटा, कंडक्टरची ओरड आणि वळणावरचा चिरका आवाज असे चार रकाने त्यांनी भरले. परिशिष्ट 'क' तयार झाले. सात पानांचे होते. लेखातला सर्वांत निर्दोष भाग तोच, असे मंडळाने नंतर कळवले.

पण काकांचे खरे उपकार रचनेबाबत झाले. डॉक्टरांचे वाक्य लेखाच्या माथ्यावर होते. काकांनी कपाळाला हात लावला.

"दिगूला कधी अर्ज लिहिता आला नाही. अगं, मागणी कधी पहिल्या ओळीत करतात? आधी विषय. मग संदर्भ. मग उपरोक्त बाब, मग पार्श्वभूमी, मग आकडे, मग परिशिष्टांचा निर्देश, आणि साहेब पार खाली आला, मऊ झाला, की शेवटी एका ओळीत 'तरी विनंती की'."

"काका, हे डॉक्टर लोक आहेत. साहेब नव्हेत."

"खुर्चीवर बसतात ना?"

शकुनला वाक्य वरच हवे होते. पण काकांच्या अशा अर्जांवर एकतीस वर्षांत रुळांची, पुलांची आणि एका हत्तीचीदेखील मंजुरी मिळाली होती; आणि वडिलांच्या पद्धतीला पोस्टकार्ड मिळाले होते. तिने वाक्य उचलून शेवटच्या पानावर शेवटच्या ओळीत नेले. डावीकडे दीड इंच सोडायला ती विसरली नाही.

लेखक हयात नसल्याचे तिने पहिल्याच भेटीत सांगितले होते. घोषालबाबूंना मनापासून वाईट वाटले. त्यांनी चहा मागवला, आणि नियम दाखवला : लेखकाच्या परिस्थितीत बदल झाल्यास तो लेखकाने स्वतःच्या सहीने कळवावा. तसे पत्र न आल्याने पत्रे डॉक्टर पाळंदे यांच्याच नावाने येत राहिली. 'प्रिय डॉक्टर, आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे.' 'प्रिय डॉक्टर, आपल्या दीर्घ मौनाचे कारण समजत नाही.' शेजारच्यांनी, इस्पितळाने, रेशनच्या कचेरीनेसुद्धा तिच्या अण्णांचे नाव कमी केले होते. साऱ्या कलकत्त्यात त्या एका गल्लीत तेवढे ते हयात होते. शकुनने या नियमाविरुद्ध तक्रार केली नाही.

शेवटची हरकत रोगी क्रमांक एकची होती. 'म. पा., स्त्री, वय चौतीस, स्टो. प्रत : तिसरी. एकोणिसाव्या दिवसानंतर नोंद नाही.' पट्टी ओढून काढण्याच्या काळातली ही नोंद. मंडळाचे म्हणणे : (अ) लेखकाचे आणि रोग्याचे आडनाव एकाच अक्षराने सुरू होते, हा योगायोग आहे काय? (आ) लेखक स्वतः पलंगापाशी असताना किंकाळी थांब्यापर्यंत गेली हे त्यांना कसे कळले? साक्षीदार कोण, आणि त्याची शैक्षणिक पात्रता काय?

कागद टेबलावर होता. काका छत्रीची मूठ चोळत बसले.

"तुला मी म्हटलं होतं, चल, ट्राम बघू," ते म्हणाले. "वाटलं, आईचं तिथवर नाही यायचं ऐकू."

"ठाऊक आहे, काका."

"तू त्याला कशाला सांगितलंस मग?"

"अण्णांनी विचारलं. म्हणाले, कुठवर आलं ऐकू? मी सांगितलं, थांब्यापर्यंत." तिने टाक शाईत बुडवला. "त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं."

उत्तर तिने नमुन्याबरहुकूम भरले. (अ) योगायोग नाही. (आ) साक्षीदार : कुमारी श. पाळंदे. पात्रता : इयत्ता पाचवी. मंडळाने पाचवीचे प्रमाणपत्र मागवले. ते सापडले. मंडळाचे समाधान झाले.

त्रेपन्नच्या एप्रिलात अंक निघाला. लेख अकरा पानांचा होता आणि देखणा होता. शकुनने तो हाजरा रोडवर पोहोचेपर्यंत ट्राममध्ये उभ्याने वाचला. पहिले पान, तक्ते, किंकाळीचे एकक (फूट), परिशिष्ट 'क' पूर्ण. मग शेवटचे पान, शेवटची ओळ : 'यावरून असे दिसते की'. त्यापुढे काही दिसत नव्हते. खाली चौकटीत 'लेखकांस सूचना' होती : हस्तलिखितात डावीकडे दीड इंच समास सोडावा.

ती तशीच उलट्या ट्रामने धर्मतल्ल्याला गेली.

"शेवटची ओळ गेली, हो," घोषालबाबूंनी मोकळेपणाने कबूल केले. "मा, चौकटीला जागा लागते. जागा कमी पडली की आम्ही खालून कापतो. वरचं कसं कापणार? वर तर मुद्दा असतो ना!"

"माझा मुद्दा खाली होता."

घोषालबाबूंनी तिच्याकडे खऱ्या करुणेने पाहिले. "खाली कशाला ठेवलात?"

लेख गाजला. ट्रामच्या वजाबाकीवर अन्य प्रांतांतून तीन पत्रे आली. एका विद्वानाने बैलगाडीचाही विचार व्हायला हवा होता असे सुचवले. मंडळाने डॉक्टर पाळंदे यांना एकमताने सभासद करून घेतले. इस्पितळानेही अभिमानाने पाच प्रती घेतल्या, आणि वॉर्डात नवीन आलेल्या तरुण डॉक्टरांनी लेख अथपासून इतिपर्यंत वाचला. (ते पहिले वाचक. त्यांची शास्त्रावरची निष्ठा निर्विवाद आहे.) मग त्यांनी वॉर्डातल्या जुन्या आया सरलादी यांना बोलावून विचारले की, पट्टी भिजवण्यात रोज सकाळचा इतका वेळ का जातो?

"बडे डॉक्टरबाबूंनी शिकवलंय," सरलादी म्हणाल्या.

"खुद्द त्यांच्या लेखात तर नाही."

सरलादींना इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे वाद झाला नाही. मिठाच्या पाण्याचे पातेले कोठीत जमा झाले.

त्या आठवड्यात एका सकाळी शकुनने शाळेत उशिरा येण्याचा अर्ज दिला आणि पावणेदहाला इस्पितळाच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. काकांनी छत्री टेकवून टेकवून जिथे फरशीला खळगा पाडला होता तिथेच. दहाचे ठोके पडले. धर्मतल्ल्याकडची एक ट्राम आली, एक गेली. परिशिष्ट 'क' तिला तोंडपाठ होते. तिने खडखडाट वजा केला, घंटा वजा केली, कंडक्टर वजा केला, वळणावरचा चिरका आवाज वजा केला.

बाकी उरली.

घरी जाऊन तिने मंडळाला शुद्धिपत्राची विनंती केली. वाक्य या खेपेस पहिल्या ओळीत होते. उत्तर आले : शुद्धिपत्र लेखकाच्याच सहीने स्वीकारले जाते, शिवाय डॉक्टर पाळंदे हे लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिल्याने त्यांचे सभासदत्व नियमानुसार रद्द करण्यात येत आहे.

तेव्हा मंडळावर एक जागा रिकामी आहे. इथवर मन लावून वाचलेल्या वाचकांपैकी कोणीही अर्ज करू शकतो. अट एकच : पट्टी किती मिनिटे भिजवायची, हे वर न पाहता सांगता येऊ नये. अर्ज कागदाच्या एकाच बाजूला लिहावा. डावीकडे समास किती सोडायचा, हे सांगण्याची गरज नाही. ते आपल्या लक्षात राहिले आहे.