आईच्या खोलीचं दार

“अर्ध्या तासाचं काम!” थोरल्याने जाहीर केलं. सुतारकीत त्याची हयात गेली होती, आणि आईच्या खोलीचं फुगलेलं दार रंधायचं म्हणजे काय मोठं! डॉक्टरांनी तिला हॉस्पिटलातून घरी न्यायला सांगितलं होतं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. तिने मागितलं एवढंच, “दार नीट लागू दे. तुमची भांडणं ऐकून कान किटलेत माझे.”

वडील गेल्यापासून थोरला आणि धाकटा बोलत नव्हते. बोलायचे ते थोरल्याच्या बायकोमार्फत, तेही तारस्वरात! पण आईचं काम दुसऱ्यावर कसं सोडायचं? शेवटी रंधा मशीनच्या दोन नव्या पात्यांची वाटणी झाली. एक थोरल्याने बसवायचं, एक धाकट्याने.

थोरल्याने मशीनच्या तळावर लाकडी पट्टी टेकवली, पाती बसवायचा ड्रम हाताने फिरवला, पातं पट्टीला जेमतेम शिवलं तसे बोल्ट आवळले. आधी मधला, मग कडेचे. धाकट्याला पट्टीचा तिटकारा. त्याने अंगठ्याच्या नखानेच अंदाज घेतला आणि पाना पिळला.

मशीन दारावर चढलं ते गुरगुरतच! कडेवर लाटाच लाटा उठल्या.

“अगं, त्याला सांग, त्याचं पातं वर आलंय!”

“वहिनी, दादाला सांगा, त्याचंच खाली बसलंय!”

“मी भाजी चिरतेय,” ती म्हणाली.

माघार कोण घेणार? थोरल्याने आपलं पातं केसभर वर काढलं. मग धाकट्याने आपलं. दर खेपेला आधीच्या लाटा घालवायला पुन्हा दार रंधायचं! भुसा घोट्यापर्यंत आला. थोरल्याला मनातून कळत होतं की पट्टी दोन्ही पात्यांना लावली की प्रश्न मिटेल. पण धाकट्याच्या पात्याला हात लावायचा म्हणजे त्याच्याशी बोलावं लागणार. ते काही त्याच्याने झालं नाही, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

संध्याकाळी दार चौकटीत बसवलं. फटीतून वहिनीचा हात कोपरापर्यंत आत गेला. “दोन्ही पाती एकानेच का नाही बसवली?” तिने विचारलं. दोघे भुसा गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी आईला आणून पलंगावर निजवलं. बाहेर येताच दोघे वहिनीमार्फत एकमेकांवर तुटून पडले.

“अरे, दार लावा रे!” आतून क्षीण आवाज आला.

थोरला दाराच्या फटीशी वाकला.

“लावलंच आहे, आई.”