ब्रेकची किंचाळी आणि माझे तर्कशास्त्र

आधीच स्पष्ट सांगतो, त्या गाडीचा आवाज मी बंद केला, स्वतःच्या हातांनी केला आणि पूर्णपणे केला. पुढे जे घडले त्याचा विपर्यास करून माझ्याच घरातल्या माणसांनी या कामगिरीवर बोळा फिरवला आहे. म्हणून हा खुलासा.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. कारण दूर केले की कार्य नाहीसे होते, हे बावीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. आता या वाक्यात चूक कुठे आहे, ते तुम्हीच सांगा.

गाडी सासऱ्यांची. चाळीस वर्षांची, फिक्या हिरव्या रंगाची आणि त्यांच्या मते त्यांच्या दोन्ही अपत्यांपेक्षा अधिक वळणाची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी ती तीन महिन्यांच्या बोलीवर माझ्याकडे सोपवली. नीट सांभाळली तर कागद माझ्या नावावर; नाही तर गाडी मेहुण्याकडे. तो तिला भडक लाल रंग देऊन मागे पंख बसवणार होता. हे त्याने तोंडात घास असताना जाहीर केले होते. एका सभ्य गाडीची अब्रू माझ्या हाती होती.

अडीच महिने सुरळीत गेले. मग ब्रेक दाबला की पुढच्या उजव्या चाकातून किंचाळी निघू लागली. चौकात पादचारी दचकून पुन्हा फुटपाथवर चढत. महाविद्यालयाच्या फाटकाशी वळलो की तिसऱ्या मजल्यावरचा अख्खा वर्ग खिडकीत गोळा होई. माझ्या आगमनाची एवढी दखल त्या इमारतीने पूर्वी कधी घेतली नव्हती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मालकाला सगळे वस्ताद म्हणतात. त्याने चाकाशी उकिडवे बसून नुसता कान लावला आणि पॅड संपलेत, बदला, असे सांगितले. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून चाक थांबवणाऱ्या वड्या. कोणते घ्यावेत, असे मी विचारले.

"कुठलेही चांगले घ्या, सर. पण आज घ्या."

कुठलेही! आयुष्यभर व्याख्या करण्यात घालवलेल्या माणसाला हा शब्द किती बोचतो, हे त्याला कसे कळावे?

सुट्या भागांच्या दुकानात तीन प्रकार निघाले. मऊ पॅड शांत असतात, पण लवकर झिजतात. धातूमिश्रित टिकतात, पण आवाज करतात आणि जुन्या गाडीची डिस्क खातात. सिरॅमिक धूळ कमी सोडतात, पण थंड असताना नीट पकडत नाहीत, असे दुकानात आलेल्या एका गृहस्थाचे मत पडले. दुसऱ्या गृहस्थाने ते खोडून काढले. मी वहीत तक्ता आखला आणि सलग चार संध्याकाळी काउंटरपाशी उभा राहून तो भरला. चौथ्या संध्याकाळी दुकानदाराने तिन्ही खोकी माझ्यापुढून उचलून फळीवर ठेवली.

"सर, पॅड घेताय की मुलीसाठी स्थळ बघताय?"

चिकित्सक गिऱ्हाइकाची ही कदर! मी वही मिटून बाहेर पडलो.

घरी बायकोने वेगळाच सूर लावला. "अहो, ती गाडी काहीतरी सांगतेय," असे ती म्हणाली. मी तिला समजावले की यंत्र काही सांगत नसते, यंत्रात केवळ काही घडत असते. त्यावर तिने माझा जुना बसचा पास शोधून टेबलावर ठेवला. तिची अशी कृती हाही युक्तिवादच असतो, पण त्याचे खंडन करायची सोय नसते.

इतक्यात सासऱ्यांचा निरोप आला की पुढच्या रविवारी गाडी घेऊन या, बघायची आहे. हाती आठ दिवस. मग मी स्वतःच बाह्या सरसावल्या, जॅक लावला, चाक काढले. अर्ध्या तासात गुन्हेगार सापडला. आतल्या पॅडच्या कडेला करंगळीएवढी एक पोलादी पट्टी होती आणि तिचे टोक डिस्कला घासून लखलखत होते. पॅड चांगला एका नाण्याइतका जाड शिल्लक होता. म्हणजे वस्तादचे निदान चुकीचे, दुकानदाराची खोकी अनावश्यक आणि दोष या उपटसुंभ पट्टीचा. मी पक्कड घेतली आणि ती तोडून टाकली.

शांतता! गल्लीत चार फेऱ्या मारल्या. चकार शब्द नाही. पट्टी मी पुरावा म्हणून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गॅरेजसमोर तीनदा ब्रेक दाबला. वस्ताद बाहेर आला.

"पॅड टाकले वाटतं?"

"कारण दूर केलं," मी म्हणालो. तो आदराने मान डोलवून आत गेला. विद्वान लोक पॅडला 'कारण' म्हणत असतील असे त्याला वाटले, हे मला मागाहून समजले.

रविवारी निघालो तेव्हा ब्रेक दाबला की खालून घरघर येत होती. बायको म्हणाली की आता ती घशातून बोलतेय. चाळिशीत घसा बसतोच, असे सांगून मी तो विषय संपवला.

सासऱ्यांच्या घराकडे रस्ता उतरत जातो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. शेजारी मेहुणा हाताची घडी घालून उभा, नजरेत लाल रंग. शांतता दाखवायची तर थोडा वेग हवा, म्हणून मी किंचित जोरात आलो आणि उघड्या फाटकाशी ब्रेक दाबला. करकर आवाज झाला, जणू कोणी लोखंडाचे पापड मोडले. गाडी मंदावली, पण थांबण्याचा तिचा विचार दिसेना. पायाखालचे पेडल खोल गेले आणि गुलाबाच्या कुंड्या एकेक करून बंपरखाली जाऊ लागल्या. सातवी कुंडी गेली तेव्हा बायकोने हात पुढे करून हँडब्रेक ओढला. सासऱ्यांनी पाय वर घेतलेले होते. खुर्ची आणि बंपर यांच्यात वीतभर अंतर उरले.

त्यांनी पाय खाली टेकवले आणि फुटलेल्या कुंड्या बोटाने मोजल्या. मग त्यांनी विचारले, आवाज होता म्हणे, तो कसा घालवलात? निदान एकाला तरी मूळ प्रश्नाची आठवण होती. मी खिशातून पट्टी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"जावईबापू," ते अगदी सावकाश म्हणाले, "ही ओरडण्यासाठीच बसवलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला टेकते आणि मालकाला हाक मारते. तुम्ही हाक मारणाऱ्याची जीभच कापलीत."

मेहुणा हसला. सासऱ्यांनी विचारले, हँडब्रेक कोणी ओढला? आणि उत्तराची वाट न पाहता माझ्याकडून किल्ली घेऊन लेकीच्या हातात दिली. मेहुण्याचे हसू जागच्या जागी विझले. त्या दिवसातले तेवढेच माझे समाधान.

पॅड पार संपून लोखंडाला लोखंड घासल्याने खरवडलेली डिस्क वस्तादने बदलली. पॅड बायकोने आणले. गाडी जुनी आहे, शहरात चालते आणि आवाज नको, एवढेच तिने दुकानदाराला सांगितले आणि पाच मिनिटांत मऊ पॅडचे खोके घेऊन ती बाहेर आली. तक्ता नाही, तुलना नाही. पॅड उत्तम निघाले, हा निव्वळ योगायोग आहे.

आता गाडी ती चालवते, मी शेजारी बसतो. ती माझ्या मते फार वेगाने चालवते. गेल्या रविवारी समोर अचानक ट्रक थांबला, तेव्हा मी दोन्ही पायांनी गाडीची जमीन दाबली आणि माझ्या तोंडून काहीसा आवाज निघाला. गाडी मात्र हातभर अंतर राखून अलगद थांबली. मागच्या सीटवर सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले.

"आवाज कसला गं?"

"काही नाही, बाबा," ती म्हणाली. "नवी पट्टी आहे."