आधी अंगावर, मग कागदावर

आमच्या क्लबाच्या वार्षिक सभेला बाहेरगावाहून मोठे पाहुणे आले होते. व्यासपीठावर समई, हार, गुच्छ. खाली सफारीतले सभासद. आणि पहिल्या रांगेत, ऐन मधोमध, सत्तरीला टेकलेले मन्मथअप्पा पाठीवर शाळकरी मुलीचं गुलाबी दप्तर लावून बसले होते. दप्तर रिकामं नव्हतं. पुस्तकं, वह्या, डबा, पाण्याची बाटली, सगळं ठासून भरलेलं. त्यामुळं त्यांना खुर्चीला टेकता येत नव्हतं. ते इतके पुढं वाकून बसले होते, की पाहुण्यांना वाटलं, हा गृहस्थ फारच मन लावून ऐकतोय.

भाषण संपल्यावर पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "नातीचं दप्तर का?"

"न्हाई. उद्या तुमच्या हातानं वाटायचंय ते," अप्पा उठून म्हणाले. "सकाळपासून पाठीवर हाय. पट्टा काचायलाय. नापास."

दप्तरवाटप पुढं ढकलावं लागलं. पाहुण्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून त्यांच्याकडून एक झाड लावून घेतलं. त्याआधी अप्पा खड्ड्यात उतरून उभे राहिले होते, हे वेगळं सांगायला नको.

लातुरात सेवाभावी क्लब पुष्कळ आहेत, पण वाटायची प्रत्येक वस्तू आधी स्वतः वापरून बघणारा सभासद फक्त आमच्याकडं होता. अप्पा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात दुकानदारांचे तराजू उलटेसुलटे करून बघण्यात गेली. निवृत्तीनंतर सरकारनं तराजू काढून घेतले, तेव्हा अप्पांनी स्वतःलाच तराजू केलं. "आधी अंगावर, मग कागदावर," हे त्यांचं वाक्य. म्हणजे आधी वस्तू अप्पांच्या अंगाला लागणार, मगच वाटपाच्या ठरावाचा कागद निघणार.

थंडीत वाटायच्या चादरी आल्या, तर अप्पा त्यातली एक घेऊन गच्चीवर झोपले आणि सभेला शिंकत आले. शिंका हाच अहवाल होता. अपंगांसाठी चाकांची खुर्ची आली, तेव्हा तिच्यात बसून ते एका सरकारी कचेरीचा उतार चढायला गेले. अर्ध्यातून उलटे घसरत आले ते थेट चहाच्या गाड्यावर. खुर्ची पास झाली, उतार नापास. निधीसाठी आम्ही गाण्याचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा दुपारी रिकाम्या मैदानात अप्पा एकेका खुर्चीवर बसून रंगमंच दिसतो का ते बघत होते. आमचे सचिव सलीमभाई मंडपवाले. त्यांच्याच खुर्च्या, त्यामुळं ते वैतागले.

"अप्पा, उद्या क्लबनं कफन वाटायचं ठरवलं, तर काय करणार तुम्ही?"

"घालून बघणार," अप्पा म्हणाले. "त्याला ना गुंडी ना खिसा. तपासायला सोपं."

ही खोड त्यांना जन्मजात नव्हती. ती लागली निवृत्तीच्याच वर्षी झालेल्या भूकंपानंतर. किल्लारीकडची माणसं तेव्हा पत्र्याच्या शेडात राहत होती आणि लांबून लांबून मदतीचे ट्रक येत होते. आमच्या क्लबानं कपड्यांचं वाटप अंगावर घेतलं. गठ्ठे न सोडताच आम्ही ते नेले आणि तिथं फोडले. कुणाच्या हाती टाय आला, कुणाच्या हाती उंच टाचांचे सँडल. एका आजीबाईंना चकचकीत, बिनबाह्यांचा झगा मिळाला. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. झगा अप्पांपुढं धरून त्यांनी सरळ विचारलं, "साहेब, असलं तुमच्यात कोन घालतंय वो?"

पुढचे गठ्ठे अप्पांनी आपल्या अंगणात उतरवून घेतले आणि एकेक कपडा अंगावर चढवायला सुरुवात केली. शकुंतलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओट्यावर बसून पदराआड हसत होत्या. "ह्यो कोट काढा की! बँडवाल्यावानी दिसायलाव!" त्यांनी हसून नको म्हटलं, की कपडा बाजूला. क्लबातली खरी परीक्षक ती बाई होती, अप्पा नुसते अंग पुढं करायचे.

पुढं लातूर बदललं. किनवट, बिलोली, कुठून कुठून पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला इथं येऊ लागली. गल्लीगल्लीत क्लास, मजल्यामजल्यावर होस्टेल. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच पुरात तरलं. माझा स्वभाव मुळात असा, की शेजारी दूध नासलं तरी वाटतं, आपलंच काही चुकलं असेल. रात्र जागून लाल झालेल्या डोळ्यांची पोरं नोट्स घेऊन यायची, मी पानामागं पैसे घ्यायचो आणि घरी ताटावर बसलो की मला घास गोड लागायचा नाही.

त्यात आमच्या भागातल्या एका मेसमध्ये पोरांना कावीळ झाली आणि ती मेस बंद पडली. माझ्या दुकानात रेणुका नावाची किनवटकडची मुलगी यायची. आईबाप शेतमजूर. तिला विचारलं, "जेवणाचं काय करतेस गं?"

"वडापाव खाऊन राहिली काका. आता तर फिजिक्सच्या वहीलाबी तेलाचा वास येते."

ती हसली. मला झोप लागली नाही. पुढच्या सभेत मी उभा राहिलो. पूर्वी गरीब विद्यार्थी गावात वार लावून जेवायचे, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. तसेच वार आपण सभासदांनी लावून घ्यावेत, असं मी मांडलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष डॉक्टरसाहेब ठराव लिहायला सांगणार, तोच अप्पा उठले.

"घरं तपासली का?"

"घरं काय तपासायची?" सलीमभाई म्हणाले. "भिंती चाटून बघणार का?"

"जेवून बघणार. प्रत्येक घरी त्याच्या त्याच्या वारी. आधी अंगावर, मग कागदावर."

अप्पांना नाही म्हणून उपयोग नसे. शिवाय शकुंतलाकाकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगा पुण्यात, त्याचं बोलावणं अप्पांनी "तिकडलं पाणी हलकं हाय" म्हणून परतवलेलं. एकटे राहत होते. त्यांचं मन रमेल, असं म्हणून डॉक्टरांनी मान हलवली.

अप्पा विद्यार्थी झाले. काखेत एक पुस्तक घेऊन ते ठरल्या वारी दारात उभे राहायचे आणि हाक मारायचे, "काकू, मी आलो!" डॉक्टरांच्या घरी पथ्याचं जेवण निघालं. "इथं पोरगं वाळंल," असा शेरा मिळाला आणि डॉक्टरांच्या ताटात कैक वर्षांनी मीठ पडलं. सलीमभाईंच्या घरी त्यांच्या वृद्ध अम्मींनी अप्पांसाठी मुद्दाम बगारा भात आणि खट्टी डाळ केली आणि समोर बसून दम दिला, "पूरा खाव बेटा, छोडना नहीं!" अप्पांना बेटा म्हणणारं माणूस सगळ्या लातुरात तेवढं एकच उरलं असावं. अप्पांनी ताट पुसून खाल्लं.

सोमवार आमचा होता. माझ्या बायकोनं, सुनंदानं, भाकरी आणि उडदाचं घुटं केलं होतं. अप्पा पाटावर बसले.

"पोरगं जेवायला लागलं की तुम्ही काय इचारणार?"

"काय विचारायचं?" सुनंदा म्हणाली. "आणखी वाढू का, म्हणणार."

"म्हणा बरं."

"आणखी वाढू का?"

अप्पांनी डोळे मिटून ऐकलं. "ठीक हाय. पोरगं लाजरं असलं तर? पुन्यांदा म्हणा."

सुनंदा पुन्हा म्हणाली. अप्पांनी अर्धी भाकरी आणखी घेतली आणि निकाल न सांगताच निघून गेले.

पुढच्या सोमवारी परत आले. "एका जेवणावर घर कळत न्हाई. पाव्हणा आला की कुणीबी तूप वाढतंय." मग म्हणाले, श्रावण लागलाय, उपासाचं कसं होतंय बघू. श्रावण सरला. मग म्हणाले, घरात भांडण झालेल्या दिवशी स्वयंपाक कसा होतो, ते बघायचं राहिलंय. एकेका घराची अशी तपासणी चालली आणि तिकडं पोरं वडापाववर दिवस काढत होती. मी रोज दुकानात रेणुकाला सांगायचो, "होईल गं, या आठवड्यात होईल." सांगताना नजर झेरॉक्सच्या मशीनवर ठेवायचो.

शेवटी ती क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. मैत्रिणींनी रिक्षात घालून डॉक्टरांकडं आणली, म्हणून आम्हाला कळलं.

त्या संध्याकाळच्या सभेत सलीमभाई चांगलेच तापले. "अप्पा, बाजारात वजनं तपासायला एवढा वेळ लावला असता, तर लातूर उपाशी मेलं असतं! काय खोट दिसली ती सांगा ना. माझ्या घरी काय कमी पडलं?"

"काही न्हाई."

"वसंतरावांच्या घरी?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "काही न्हाई."

"मग?"

अप्पांनी टेबलावरची क्लबाची घंटा सरळ करून ठेवली. मग उठले आणि फार हळू म्हणाले, "पास. समदी घरं पास. उद्यापासून लेकरं बोलवा." डॉक्टरांनी वार वाटायला घेतले, तेव्हा एवढंच पुढं म्हणाले, "माझ्या घरी चूल पेटत न्हाई. मला धरू नका."

मी घरी येऊन आनंदानं सुनंदाला बातमी दिली. रेणुकाला आमचा सोमवार मिळाला होता. सुनंदा भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "आणि अप्पा आता कुठं जेवणार?"

एवढे सोमवार ते माझ्या शेजारच्या पाटावर बसले होते आणि मी मनातल्या मनात त्यांच्या हट्टाला नावं ठेवत होतो.

सोमवार आला. रेणुका अंग चोरून पाटावर बसली. सुनंदानं पालकाची भाजी वाढली आणि मी सहज खिडकीतून बघितलं, तर फाटकापाशी अप्पा सायकल धरून उभे. मी धावत बाहेर गेलो.

"हिकडून चाललो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगी आली का बघावं."

माझं मन भरून आलं. आणि ते भरून आलं, की मी हमखास घोटाळा करतो. मी त्यांचा हात धरून म्हणालो, "अप्पा, आत चला. दर सोमवारी इथंच जेवायचं. सोमवारच कशाला, तुम्हाला वाटेल त्या दिवशी या. हे घर तुमचंच आहे. एकट्यानं काय..."

अप्पांनी हात सोडवून घेतला. मान ताठ झाली.

"मी वार लावून जेवणारा माणूस वाटलो का रे तुला, वसंता?"

"तसं नाही अप्पा..."

"माझी पेन्शन हाय. मला उपाशी ठेवंल असं अजून काही झालेलं न्हाई." त्यांनी सायकल वळवली.

खिडकीत रेणुकाचं डोकं दिसलं. "काका, ते आबा बाहीर काऊन उभे हायेत? मला एकटीला घास उतरून नाही राहिला."

मी काही बोलणार, एवढ्यात सुनंदा हातात पळी घेऊनच दारात आली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही.

"अप्पा!" ती कडाडली. "पास करून मोकळे झालात, आणि आजच भाजी बिघडल्यागत वाटायली! पोरीला वाढू का नको? परक्याचं लेकरू हाय, मी एकटी कशी ठरवू?"

अप्पा थांबले. सायकलचं एक चाक रस्त्यावर, एक आमच्या अंगणात.

"बिघडली? कशानं?"

"मला कळत असतं तर तुम्हाला हाक मारली असती का?"

अप्पांनी सायकल भिंतीला लावली. पाय धुतले. रेणुकाच्या शेजारी पाटावर येऊन बसले. सुनंदानं पुढ्यात ताट मांडलं, भाकरी मोडून ठेवली, भाजी वाढली. रेणुका बिचारी बोलायला तोंड उघडत होती, "पण काकू, भाजी तर लई..."

"तू जेव गं," सुनंदा म्हणाली.

अप्पांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. बघता बघता अर्धी भाकरी संपली. मग त्यांनी ताटात बघत मान हलवली.

"मीठ इकडं तिकडं झालंय," ते गंभीरपणानं म्हणाले. "एका दिवसात कळायचं न्हाई हे. उद्याबी येऊन बघावं लागंल."

"या की," सुनंदा म्हणाली. "आणखी वाढू का?"