केसांची गोळी खाता?

आमच्या आळीतले घरतकाका माणसाला "काय, कसं काय?" असं कधी विचारत नाहीत. थेट विचारतात, "केसांची गोळी खाता?" हळदीत नवरीच्या आईला विचारलं, आणि टक्कल पडलेल्या भटजींनाही. भटजी आठवडाभर रुसले होते.

काका पेणच्या एका लॅबमध्ये रक्त तपासतात. मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. दोघांचीही कामं नजरेची, पण आमचं सूत कधी जुळलं नव्हतं. बोलताना माणूस तोंडाकडे सोडून गळ्याकडे बघतो, तर जुळणार कसं?

गेल्या वर्षी माझे केस मूठमूठ गळायला लागले. डॉक्टरांनी थायरॉइड तपासायला सांगितलं. सुई टोचताना काकांनी विचारलंच. मी म्हटलं, "नाय." खरं तर दोन महिने चोरून खात होते, पण आळीभर बोभाटा कोणाला हवा?

संध्याकाळी काका दारात. "थायरॉइड फार जास्त दाखवतंय. पण मला पटत नाय. हात पुढं कर."

पसरलेल्या बोटांवर त्यांनी कागद ठेवला. कागद हलला नाही.

"एवढं वाढलं असतं तर हात थरथरून हा फडफडला असता. तुझे गणपती चकणे झाले असते. खरं सांग गो, गोळी खातेस?"

मी मान खाली घातली. त्या गोळीतलं बायोटिन मशीनला चकवतं म्हणे. नसलेला आजार दाखवतं. आठवडाभर गोळी बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं, तर सगळं ठीक. नको ते औषध टळलं.

काका नवा रिपोर्ट घेऊन घरी आले तेव्हा मी चहा देत विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्या हिचा रिपोर्ट मीच काढलेला. गोळ्याही मीच आणलेल्या, केस लांब होते ना तिचे. तेव्हा ही भानगड ठाऊक नव्हती. थायरॉइड कमी करायचं औषध वर्षभर चाललं. सुजली, पडून राहायची. थंडी वाजते म्हणायची. मी म्हणायचो, काम कर, ऊब येईल."

काकू रोह्याला माहेरी का राहतात, हे आळीनं आपापल्या परीनं ठरवून टाकलं होतं. मीसुद्धा. लाज वाटली मला.

"आता बरी हाय. दर रविवारी जातो. चहा देते. घरी चल म्हटलं की नाय म्हणते."

"काही नेता काकूंसाठी?"

"खोबरेल," काका म्हणाले. "तेवढं ठेवून घेते."